लाल मुठीची खिट्टी

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. फोटोच्या फ्रेमच्या पट्ट्या कापणारी. खाली पायडल आहे म्हणून लोक मला शिलाई मशीन समजतात. एक आजोबा तर पँट घेऊन आले, माझ्या अंगावर टाकली आणि "पायाशी जरा आखूड करा" म्हणून निघूनही गेले. बरं झालं, कुणी माझं पायडल दाबलं नाही. नाहीतर पँटची चड्डी झाली असती आणि तीही तिरकी.

माझा जन्म भट्टीत झाला. ओतीव लोखंडाची मी. जन्मले तीच इतकी तापट, की कारखान्यातल्या लोकांनी पहिला आठवडाभर चहा माझ्या डोक्यावरच उकळला. वजन विचारू नका. मला टेम्पोत चढवलं तेव्हा टेम्पोची पुढची चाकं वर उचलली गेली. ड्रायव्हर बिचारा आभाळाकडे बघत गाडी हाकत आला. रस्ता त्याला दिसतच नव्हता. वरून जाणाऱ्या घारींना पत्ता विचारत विचारत तो दुकानाशी पोहोचला.

तुम्ही म्हणाल, ही म्हातारी थापा मारते. मारते की. एका जागी उभ्या लोखंडाला दुसरी करमणूक काय? पण थाप कुठे संपली ते मी तुम्हाला सांगेन. तेवढा प्रामाणिकपणा आहे माझ्यात.

मी चालते कशी ते आधी ऐका. कमरेएवढी माझी उंची. वर जाडजूड डोकं, आणि डोक्याखाली दोन पाती, भांडलेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ करून तिरकी उभी. पायाने पायडल दाबलं की डोकं खाली येतं, पाती लाकडात शिरतात आणि पट्टीचं टोक तिरकं कापून निघतं. पाय उचलला की आतली स्प्रिंग डोकं वर नेते. अशा चार पट्ट्या टोकाला टोक लावून जुळवल्या की झाली चौकट.

माझ्या मानेत एक भोक आहे, आरपार. त्यात करंगळीएवढी जाड, पोलादाची खिट्टी बसते. खिट्टी लावली की मान अडकली. मग पायडलवर हत्ती नाचला तरी डोकं खाली येत नाही. हत्ती ही थाप आहे, खिट्टी नाही. खिट्टीला लाल लाकडी मूठ, म्हणजे ती मानेत आहे की भिंतीवर टांगलेली आहे ते दुकानाच्या दारातूनसुद्धा कळावं. पात्यांजवळ हात न्यायचा तर आधी खिट्टी, हा वडिलांनी घालून दिलेला नियम.

वडील म्हणजे दुकानाच्या मालकांचे वडील. ते गेले आणि दुकान त्यांच्या दोन मुलांकडे आलं. थोरली ताई आणि तिच्या पाठचा धाकटा. धाकटा म्हणजे केस पांढरे झालेला, पोट सुटलेला माणूस. पण ताईच्या तोंडी तो कायम "धाकट्या". गिऱ्हाईकासमोरसुद्धा.

"धाकट्या, साहेबांना काचा दाखव."

साहेब खाली वाकून टेबलामागे लहान मूल शोधायचे, तोवर हा गृहस्थ मिशीवरून हात फिरवत उभा राहायचा.

कापायचं काम ताईचं. ठोकायचं आणि काच बसवायचं धाकट्याचं. ताई कापायची तेव्हा मला मी मशीन आहे असं वाटायचंच नाही. ती एका दणक्यात कापायची नाही. आधी थोडं, मग जरा पुढे, मग शेवटचा पातळ काप, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. मग दोन टोकं जुळवून खिडकीकडे धरायची आणि एक डोळा मिटायची. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा कापायची.

"उजेड येतो तो कोपरा नव्हे," ती म्हणायची, "ती खिडकी."

लोक फोटोचं कौतुक करायचे, रंगाचं करायचे, काचेचं करायचे. कोपऱ्याचं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही. ताईला त्याचं काही नव्हतं. कोपरा कुणाला दिसला नाही म्हणजेच तो चांगला झाला, असं तिचं मत.

दर शनिवारी दुपारी ती मला साफ करायची. आधी खिट्टी. मग ब्रशने भुसा. बोटाने कधीच नाही. पात्यांच्या मध्ये ढलपी अडकली तर लाकडाच्या काडीने काढायची. मग तेलाचं फडकं पात्यांवरून, मागून धारेकडे, उलटं नाही. मानेत तेलाचा एक थेंब. पाती बोथट झाली की धार लावणारे धारकाका यायचे, ती काढून आतून कापड लावलेल्या लाकडी पेटीत ठेवायचे आणि घेऊन जायचे. टेबलावर नुसतं पातं ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. "पातं बोथट झालं की माणूस तापट होतो," ते म्हणायचे. "जोर लावतो, आणि मग तोल जातो." ताई म्हणायची, "आमच्या धाकट्याचं पातं कायमच बोथट." धारकाका हसून हसून पेटीवर बसायचे.

त्या दिवसांत भावंडांची आईही दुकानात असायची. खूप थकली होती. दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायची, आणि तिला काही आठवत नसे. म्हणजे आठवायचं, पण भलतंच. जे घडलंच नाही ते ती छातीठोकपणे सांगायची. एकदा ती भिंतीवरचा एक फोटो काढून ताईकडे घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, याला चौकट करून द्याल का? माझ्या मुलीचा आहे. फार हुशार आहे हो माझी मुलगी."

फोटो ताईचाच होता, शाळेतला.

ताई म्हणाली, "देते की. उद्या या हं." आणि वळून कापायला लागली. त्या दिवशी तिचे कितीतरी कोपरे वाया गेले. धाकट्याने ते तुकडे उचलून टोपलीत टाकले.

आई गेली. दिवस पुढे सरकले. आणि मित्रांनो, थापा इथे संपल्या. इथून पुढचं सगळं खरं आहे. खरं नसतं तर मला बरं वाटलं असतं.

एका शाळेच्या फ्रेमांचं मोठं काम आलं होतं. ताई काच बघायला बाहेर गेली होती. धाकटा घाईत खिळे ठोकत होता. फ्रेमचा खिळा ठोकला की त्याचं डोकं लाकडाच्या आत बसवावं लागतं, त्यासाठी सुंबा म्हणून एक लोखंडी ठोकणी असते. सुंबा सापडेना. खरं तर तो त्याच्याच खिशात होता. पण घाईत माणूस खिशात बघत नाही. त्याने भिंतीवरची खिट्टी काढली, तिचं टोक खिळ्यावर ठेवलं आणि वरून हातोडी मारली.

चांगली जमली. मग दुसरा खिळा, तिसरा. आणि मग टक्क आवाज झाला आणि खिट्टीचं टोक तुटून भुशात पडलं.

धाकट्याने उरलेली खिट्टी माझ्या मानेत घालून बघितली. पलीकडपर्यंत पोहोचेना. तो घाबरला. पाती खाली येतील म्हणून नव्हे. ताई ओरडेल म्हणून. एवढा मोठा बाप्या, पण बहिणीच्या ओरड्याला अजून शाळकरी पोरासारखा भ्यायचा. वडिलांची खिट्टी, आणि ती हातोडीखाली घातली म्हटल्यावर ताईने त्याला सात पिढ्यांची आठवण करून दिली असती.

कोपऱ्यात एक मोडकी छत्री पडली होती. तिची दांडी चकचकीत, जाडीला अगदी खिट्टीएवढी. आतून पोकळ. त्याने करवतीने तुकडा कापला, वजन यावं म्हणून आत लाकडाची काडी सारली, वर लाल मूठ ठोकून बसवली आणि भिंतीवर टांगली. लांबून बघाल तर तीच खिट्टी.

"उद्या लेथवाल्याकडून नवी करून आणू," तो स्वतःशीच म्हणाला.

लेथवाला पलीकडच्या गल्लीत. पण शाळेचं काम होतं, मग आणखी कुणाचं तरी आलं, आणि उद्याचा परवा झाला. खोटं कशाला बोलू, दोन दिवसांनी तो ते साफ विसरला.

शनिवार आला. ताईने खिट्टी हातात घेतली आणि थांबली.

"धाकट्या, ही आज हलकी लागते रे."

धाकटा काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या हाताला जोर आलाय, ताई."

ताई हसली. "म्हातारपणी? काय खायला घालतोस रे मला?"

आणि तिने खिट्टी लावली. मला ती मानेत कळली, मित्रांनो. पोलाद आणि छत्री यातला फरक लोखंडाला कळतो. आजवर मी इतक्या थापा मारल्या, घारींना बोलतं केलं, पण त्या दुपारी मला नुसतं "थांब गं" एवढं म्हणता आलं नाही. त्या शनिवारी काही झालं नाही. पुढच्या शनिवारी झालं.

भिंतीला लांब पट्ट्यांची चळत टेकवून ठेवलेली असायची. ताई वाकून पात्यांवरून फडकं फिरवत होती, लाल मूठ माझ्या मानेत होती. बाहेरून कुणीतरी शटरला सायकल टेकवली, भिंत जराशी हादरली आणि चळत घसरली. सगळी माझ्या पायडलवर.

दांडी मुडपली. मी खाली आले. पूर्ण नाही, कारण मुडपलेल्या नळीने अर्ध्यावर मला अडवलं. पण ताईच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं.

तिने आरडाओरडा केला नाही. फडकं बोटाभोवती आवळलं आणि नळाकडे गेली. "धाकट्या, गाडी बोलाव," एवढंच म्हणाली. तिची पाठ वळली होती तेवढ्यात धाकट्याने पट्ट्या बाजूला लोटल्या, पक्कड घातली, मुडपलेली दांडी माझ्या मानेतून ओढून काढली आणि खिशात टाकली. मग तो ताईला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेथवाल्याकडे गेला आणि नवी पोलादी खिट्टी करून आणली. तीच लाल मूठ तिला बसवली. एका सकाळचं काम होतं ते. एवढंसंच होतं.

ताई पट्टी बांधलेला हात घेऊन दुकानात आली तेव्हा खिट्टी भिंतीवर टांगलेली होती. ती लाल मुठीकडे बघत राहिली.

"धाकट्या, मी खिट्टी लावली नव्हती का रे?"

आता सांगेल, मला वाटलं. सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण ताईच्या पट्टीकडे त्याची नजर गेली आणि जे बाहेर आलं ते वेगळंच.

"तिथेच होती, ताई. टांगलेली."

"मला तर आठवतंय, मी लावली."

"टांगलेलीच होती."

ताई माझ्यापासून एक पाऊल मागे सरली आणि आईच्या स्टुलावर बसली.

त्या दिवसापासून तिने मला हात लावला नाही. बोट भरून आलं, डॉक्टर म्हणाले कामाला लागा, तरी नाही. आधी वाटलं, माझी भीती बसली असेल. बसू दे, माझी बसायलाच हवी. पण तिला भीती माझी नव्हती. दुकान बंद करताना ती कुलूप ओढून बघायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढून बघायची. गिऱ्हाईकाला माप सांगायची आणि मग धाकट्याला विचारायची, "बरोबर सांगितलं ना रे मी?" माप बरोबरच असायचं. पण तिला खरं वाटायचं नाही.

एकदा तिची लेक नातीला कडेवर घेऊन दुकानात आली. "आई, दोन तास हिला सांभाळ ना. मी जाऊन येते."

नात आजीकडे झेपावली. ताईने हात मागे घेतले.

"नको गं. मी तिला कुठेतरी ठेवेन आणि विसरून येईन."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरीच नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

लेक धाकट्याकडे बघायला लागली. "मामा, तू तरी सांग हिला."

मामा काचेवर पाण्याचा थेंब नव्हता तिथे फडकं घासत राहिला.

त्याच्या मनाला किती टोचत होतं ते मला दिसत होतं. तो ताईशी भलताच गोड वागायला लागला. सारखा चहा आणायचा. उशी आणून स्टुलावर ठेवली. "ताई, तू बस गं, मी आहे ना." आणि हे सगळं उलटं पडलं. एक दिवस धाकट्याची बायको दुकानात आली होती, तिला ताई हळूच म्हणाली, "तुझा नवरा माझ्याशी एवढं गोड कधी वागला नव्हता. डॉक्टरांनी त्याला काहीतरी सांगितलेलं दिसतंय. तुला माहीत असेल तर सांग गं. मी घाबरणार नाही."

"नाही हो वन्सं, काही नाही सांगितलं."

"तूही सांगू नकोस मग," ताई म्हणाली. तिने मनाशी निकाल लावून टाकला होता.

माझ्याकडे तर धाकटा बघतही नव्हता. शनिवार येत आणि जात. भुसा माझ्या पायाशी साचला, पात्यांवर गंज धरला, स्प्रिंग कुरकुरायला लागली. तो कापायचा तो दणके घालून. कोपऱ्यांतून उजेड यायला लागला. एक गिऱ्हाईक फ्रेम परत घेऊन आलं, धाकट्याने निमूटपणे दुसरी करून दिली, तीही तशीच. धारकाका आले, पात्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई कुठे आहेत?" धाकटा म्हणाला, "बरं नाही तिला."

आणि ताईने ठरवलं. दुकान सोडायचं. लेकीच्या घरी जाऊन राहायचं, तिच्या डोळ्यांसमोर. "भलतीकडे निघून जाण्याआधी कुणाच्यातरी नजरेत असलेलं बरं." कापायचं काम ती धाकट्याच्या बायकोला शिकवून जाणार होती. लेक तिला न्यायला येणार होती, बॅग दाराशी भरून ठेवलेली. ताई शेवटची माझ्यापाशी आली, पण दोन हात लांबच उभी राहिली, हात पदराखाली घेऊन.

"हं, सांग. साफ करताना आधी काय?"

"ब्रश," धाकट्याची बायको म्हणाली.

"ब्रश तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात घाल. आधी खिट्टी. खिट्टी लावल्याशिवाय नख पुढे न्यायचं नाही. मग ब्रश. फडकं मागून धारेकडे, उलटं नाही. ढलपी अडकली तर काडीने. मानेत तेलाचा एक थेंब, दोन नाही, दोन घातले की भुसा चिकटतो. पट्ट्यांची चळत भिंतीला टेकवायची नाही, आडवी ठेवायची. हे वडिलांच्या वेळी नव्हतं, हे माझ्या बोटाने शिकवलं."

एकही गोष्ट सुटली नाही. सगळं क्रमाने, घडाघडा. आणि हे सगळं सांगणारी बाई स्वतःला विसराळू समजत होती.

मग ती भिंतीपाशी गेली, लाल मूठ धरून खिट्टी काढली आणि धाकट्याच्या बायकोच्या हातात दिली. "घे. मी विसरले तशी तू विसरू नकोस गं."

धाकट्याच्या हातात काच होती. त्याने ती टेबलावर ठेवली. अगदी सावकाश ठेवली.

"ताई, तू विसरली नव्हतीस."

"काय?"

"खिट्टी. त्या दिवशी. तू लावली होतीस."

"टांगलेली होती. तूच सांगितलंस."

"मी खोटं बोललो."

धाकट्याने मग सगळं सांगितलं. हातोडी, तुटलेलं टोक, छत्रीची दांडी, आत सारलेली काडी. पक्कड. लेथवाला. सांगताना तो ताईकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. कितीतरी महिन्यांनी.

ताईने छत्रीबद्दल काही विचारलं नाही. बोटाबद्दल काही विचारलं नाही.

"म्हणजे मी लावली होती?"

"हो."

"मला आठवत होतं तसंच?"

"हो, ताई."

"हलकी लागते म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

ती स्टुलावर बसली. "मला हाताने लावल्याचं दिसत होतं रे डोळ्यांसमोर. लाल मूठसुद्धा दिसत होती. आणि मला वाटायचं, आईलाही असंच दिसत असेल. जे नाही ते. जितकं स्पष्ट आठवायचं ना, तितकी मी जास्त घाबरायचे."

धाकटा रडायला लागला. ताईने त्याला जवळ घेतलं नाही. मला वाटलं होतं, घेईल.

"बोटाचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बोटाचं त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. विसरायचं ते विसरता येतं मला. पण माझं डोकं माझ्या कामाचं राहिलं नाही असं मी धरून चालले, आणि तू बघत राहिलास. वर चहा पाजत होतास मला. उशी आणलीस उशी."

धाकट्याची बायको खिट्टी हातात धरून उभी होती. ती पुढे आली, तिने खिट्टी माझ्या मानेत घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "आज घरी स्वयंपाक तुम्ही करा. मी वन्संपाशी बसते."

तेवढ्यात ताईची लेक आली, कडेवर नात. "आई, झालं का? निघायचं ना?"

ताई उठली. तिने हात पुढे केले आणि नात उचलून घेतली. मग लेकीला म्हणाली, "मी येणार नाही. हिला इथे ठेव आणि तू जा कुठे जायचं ते. दोन तास नको, दिवसभर जा."

"आई, तू बरी आहेस ना?"

"बरी झाले नाही गं," ताई म्हणाली. "आजारीच नव्हते."

तर मित्रांनो, ताई पुन्हा माझ्यापाशी आली. कोपऱ्यांतून येणारा उजेड बंद झाला. पण भावाशी ती बोलत नव्हती. बरेच शनिवार गेले. साफसफाई आता धाकट्याने करायची, ताईने समोर बसून बघायचं, आणि मध्ये त्याच्या बायकोने निरोप पोहोचवायचे, तिघं एका हाताच्या अंतरावर असताना.

"त्याला सांग, खिट्टी लावल्यावर हात पाठीमागे घे आणि पायडलवर दोन्ही पायांनी उभा राहा."

"अहो, पायडलवर उभे राहा."

"ऐकलं मी," धाकटा म्हणायचा आणि अंगाचं सगळं वजन माझ्यावर टाकून उभा राहायचा. पोलाद हलत नसे. मग ताई मान डोलवायची, तेव्हाच त्याला ब्रश मिळायचा. हा नियम वडिलांचा नाही. हा ताईचा. ती अजून पुरती निवळलेली नाही, आणि तो अजून तिच्या बोटाकडे सरळ बघत नाही. मीसुद्धा त्या बोटाकडे बघत नाही.

कारण मला लाकूड आणि बोट यातला फरक कळत नाही, मित्रांनो. मला कापायलाच बनवलंय. माझ्यावर प्रेम करा, मला पुसा, तेल घाला, धार लावा, तरी मला तो फरक कधी कळणार नाही. तो तुम्हीच सांभाळायचा. माझ्यासारखं काही तुमच्या घरात असेल, कात्री असो नाहीतर मोठ्यांच्या हाताखालचं एखादं यंत्र, तर त्याला अडवण्यासाठी जे असतं ते दुसऱ्या कामाला जुंपू नका. आणि जुंपलंत, मोडलंत, तर मोडलं म्हणून सांगा. त्याच दिवशी. चकचकीत काहीतरी लावून भिंतीवर टांगू नका. फार तर शिव्या बसतील. शिव्यांनी कुणाचं बोट तुटलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ही थाप नाही.